चिठ्ठीत चपला नव्हत्या

आमच्या गावात चावडीसमोरून बाईमाणसानं चपला घालून जायचं नाही, असं कुणी कुठं लिहून ठेवलं नव्हतं. लिहून ठेवलं असतं तर निदान खोडता तरी आलं असतं. पण पाळायच्या मात्र सगळ्या. चावडी वीस पावलांवर आली की चपला पायातून हातात, पदर कपाळावर आणि नजर मातीत. चावडी मागं पडली की चपला पुन्हा पायात. ज्यांना एवढाही व्याप नको असायचा त्या मागच्या बोळानं जायच्या. बोळ म्हणजे दोन्ही बाजूंना गोठे, मधून सांडपाणी आणि पावसाळ्यात घोट्याएवढा शेणचिखल. माझी अव्वा, म्हणजे आई, लग्न होऊन आल्यापासून पंधरा वर्षं त्याच बोळानं ये-जा करत होती. तिच्याकडं चपला नव्हत्याच. "हातातच धरायच्या तर घ्यायच्या कशाला?" असं म्हणून ती हसायची. मला ते हसू अजिबात आवडायचं नाही.

आमचं गाव सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, जळकोटाच्या जरा अलीकडं. निजामाचं राज्य जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती आणि महाराष्ट्र नवाकोरा होता. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, किराणा दुकान होतं. शरणबसप्पाचं दुकान म्हटलं की आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरही ओळखायचे. मी मल्लम्मा, त्यांची एकुलती एक. वय तेरा, इयत्ता सातवी. वर्गात एकवीस मुलगे आणि मुलगी मी एकटी. सातवी पास झालं की मास्तरीण होता येतं, असं मी कुठंतरी ऐकलं होतं, आणि तेव्हापासून मला दुसरं काहीही व्हायचं नव्हतं. परीक्षा मार्चमध्ये होती.

अप्पांनी मला शिकू दिलं, पण एका अटीवर. "आपलं नाव चावडीवर यायचं न्हाय," ते म्हणाले होते. "ज्या दिवशी आलं, त्या दिवशी दप्तर खुंटीला." मी मान डोलावली. नाव चावडीवर यायला माणसाला काहीतरी मोठं करावं लागतं, असं मला तेव्हा वाटायचं.

त्या वर्षी आमच्या शाळेत इंग्रजी आलं, आणि ते शिकवायला मकबूल मास्तर होते. मास्तर मूळचे नळदुर्गचे. निजामाच्या काळात उर्दूतून शिकवायचे. राज्य बदललं तसं चाळिशीच्या माणसानं मराठी बाराखडी गिरवली, परीक्षा दिली आणि मराठी शाळेत उभे राहिले. आता सरकारला इंग्रजी हवं झालं, तर दहा दिवस धाराशिवला जाऊन तेही शिकून आले. नोकरी मात्र अजून कच्चीच होती. पाठीला काठी बांधल्यासारखे ताठ चालायचे, पण चावडी जवळ आली की हा ताठ माणूस बोळात वळायचा. रोज. मी कितीदा पाहिलं होतं. पुरुषमाणूस, मास्तर, पायात बूट, आणि शेणातून चाललाय. एकदा मी अव्वाला विचारलं. मास्तरांच्या बायकोनं, सायराबीनं, तिला सांगितलं होतं की अठ्ठेचाळीसच्या गडबडीत त्यांच्या थोरल्या भावाला लोकांनी अशाच एका चावडीसमोर दिवसभर उन्हात उभं केलं होतं, आणि मास्तरांनी ते लांबून बघितलं होतं. तेव्हापासून कुठल्याच गावात ते चावडीसमोरून जात नाहीत. अव्वानं हे सांगितलं आणि चुलीत फुंकर मारली.

मास्तरांची शिकवायची तऱ्हा गावाला वेड्यासारखी वाटायची. ते म्हणायचे, "इंग्रजी बसून येत न्हाय बेटा, चालून येतं." वर्गाच्या एकुलत्या एका खोलीत चालायला जागा नव्हती, म्हणून आमचा वर्ग बाहेर भरायचा. गो अराउंड द ट्री, की आम्ही लिंबाला फेरी मारायची. डाउन द स्लोप, की उतारावरून पळत खाली. ओव्हर द वॉल, की पडक्या भिंतीवरून उडी. इनटू द रूम, आउट ऑफ द रूम, अप टू द डोअर, बॅक टू युवर प्लेस. महिनाभरात आमच्या पायांना जेवढं इंग्रजी आलं, तेवढं तोंडाला यायला वर्ष लागलं असतं.

मग त्यांनी डालड्याचा रिकामा डबा आणला. आम्ही मुलांनीच घरून चिठ्ठ्या लिहून आणायच्या, डब्यात टाकायच्या. ज्यानं जी उचलली ती त्यानं करायची आणि एकानं मागून साक्षीदार म्हणून जायचं. नियम एकच होता, आणि मास्तर तो दररोज मोठ्यानं म्हणायचे. "चिठ्ठीत हाय तेच करायचं. कमी न्हाय, जास्त न्हाय."

ईरण्णाला एकदा चिठ्ठी आली, गो अप द ट्री. तो चढला. चिठ्ठीत उतरायचं लिहिलं नव्हतं, म्हणून बसला वरच. शाळा सुटली, मुलं घरी निघाली, ईरण्णा आपला फांदीवर. मास्तर खाली उभं राहून म्हणाले, "उतर रे बाबा." ईरण्णा म्हणाला, "चिठ्ठीत न्हाय गुरुजी." शेवटी मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढून कम डाउन अशी चिठ्ठी लिहिली, ती दगडाला गुंडाळून वर फेकली, तेव्हा गडी खाली आला. मास्तर हसून हसून खोकले. पण दुसऱ्या दिवशी वर्गापुढं म्हणाले, "ईरण्णा बरोबर होता. चूक लिहिणाऱ्याची."

घरी गेलं की मी हे सगळं अव्वाला करून दाखवायची. भाकरी थापता थापता ती ऐकायची आणि मध्येच विचारायची. उंबऱ्याच्या आत म्हंजी काय? इन. बाहेर? आउट. तव्यावरनं भाकरी उलटवली की ती म्हणायची, "ओव्हर." आणि खुदकन हसायची. एका दुपारी तिनं विचारलं, "एखाद्याच्या म्होरनं निघून गेलं, तर?"

"पास्ट," मी म्हणाले.

"आन् मागनं गेलं तर?"

"बिहाइंड."

ती हाताचं पीठ झटकत म्हणाली, "मग माझा समदा जन्म बिहाइंडमधीच गेला म्हण की."

या वेळी ती हसली नाही. मला वाटतं, चिठ्ठी मी तेव्हाच लिहायला घेतली होती, कागद नंतर आला.

त्याच सुमाराला माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि पाय सुजला, म्हणून अप्पांनी सोलापूरहून मला चपला आणल्या. टायरचा तळ, वर लाल पट्टा. आयुष्यातल्या पहिल्या चपला. घरापासून शाळेपर्यंत त्या फटफट वाजायच्या आणि मला वाटायचं, गावाला कळू दे मल्लम्मा निघाली. पण रस्त्याच्या बरोबर मधोमध चावडी. अव्वानं सांगितलं होतं, "तितं ध्यान ठेव." आठ-दहा दिवस मी ठेवलं. वाकायचं, काढायच्या, हातात घ्यायच्या आणि अनवाणी जायचं. काट्यासाठी घेतलेल्या चपला, आणि नेमके सगळ्यात जास्त काटे चावडीच्या बाभळीखालीच.

एके दिवशी मी अशीच चपला हातात घेऊन चालले होते, तेव्हा महारुद्र पाटलांनी वर बसल्या बसल्या तपकिरीची चिमूट नाकाशी नेत म्हटलं, "शरणबसप्पाची पोरगी वळणाची हाय." बाकीचे चार-पाच जण व्हय व्हय म्हणाले. कुणी शिवी दिली असती तर मी रडून मोकळी झाले असते. पण त्या कौतुकानं माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की शाळेत पोचेपर्यंत मी एकही शब्द बोलले नाही, आणि मी न बोलणं ही गोष्ट सोपी नव्हती.

त्या संध्याकाळी मी चिठ्ठी लिहिली. वॉक पास्ट द चावडी. गो अप टू द बनियन ट्री. वॉक बॅक. चावडीसमोरून जा, वडापर्यंत जा, परत ये. चावडीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून चावडीच ठेवली.

आता खरं सांगून टाकते, कारण लपवण्यासारखं त्यात काही नाही. ती चिठ्ठी मी डब्यात टाकलीच नाही. मुठीत ठेवली, डब्यात हात घातला आणि तीच बाहेर काढली. दुसऱ्या कुणाला ती यावी असं मला वाटत नव्हतं. मुलग्यांना चावडीसमोरून जायला कसली चिठ्ठी लागते?

मास्तर प्रत्येक चिठ्ठी आधी वाचून दाखवायचे. माझी हातात घेतली आणि थांबले. माझं अक्षर त्यांना माहीत होतं, रोज वही तपासायचे. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं, मग पुन्हा चिठ्ठीकडं.

"बेटा, दुसरी उचलायची असंल तर उचल," ते हळूच म्हणाले.

"नको गुरुजी."

"पक्कं?"

"चिठ्ठीत हाय तेच करायचं. कमी न्हाय, जास्त न्हाय," मी म्हणाले. त्यांचंच वाक्य त्यांना परत दिलं. त्यांनी चिठ्ठी ईरण्णाच्या हातात ठेवली आणि त्याला साक्षीदार म्हणून माझ्या मागं धाडलं.

चावडी वीस पावलांवर आली, तशी माझी कंबर आपोआप वाकली. खोटं कशाला सांगू? सवय पायात असते. हात पट्ट्यापर्यंत गेलाही. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की चिठ्ठीत चपलांचं काहीच नाही. लिहिताना मी तसा विचारही केला नव्हता. काढायच्या असं लिहिलेलं नाही, म्हणजे काढल्या तर ते जास्त होईल. मी सरळ उभी राहिले.

फट, फट, फट. इतका मोठा आवाज त्या चपलांनी आधी कधी केला नव्हता. वर चावडीत बोलणं चाललं होतं, ते बंद पडलं. मी खाली बघितलं नाही. वरही बघितलं नाही. वडाकडं बघत चालले. आणि, देवाशपथ, मला हसू येत होतं.

"ए पोरी!" पाटलांचा आवाज आला. "कुणाची गं तू?"

परवा वळणाची होते, तेव्हा ओळखत होते. मी चालता चालताच म्हणाले, "शरणबसप्पाची मल्लम्मा."

"चपला कुठं हायत तुझ्या?"

"पायात."

ईरण्णा मागं कधीच गळाला होता. मी वडापर्यंत गेले, पारंबीला हात लावला. आता परत यायचं होतं. जातानाचं सोपं होतं हो, तेव्हा त्यांना कळायलाच वेळ लागला. येताना सगळे उठून चावडीच्या कठड्याशी उभे होते. त्या गप्प उभ्या माणसांसमोरून मी चपला वाजवत परत आले आणि शाळेच्या फाटकात पोचल्यावर मातीतच बसले. मास्तर धावत आले. "झालं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "झालं. कमी न्हाय, जास्त न्हाय."

दिवस मावळायच्या आत अप्पांना निरोप आला. ते घरी आले, माझं दप्तर उचललं आणि खुंटीला अडकवलं. मी त्यांच्याकडं बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"अप्पा, परीक्षा दोन महिन्यांवर हाय."

"म्या सांगितलं हुतं," ते म्हणाले. "आता रविवारी चावडीत बोलावलंय. मला आन् मास्तरला. तुला खाली हुबं ऱ्हायाचंय, चपला डोक्यावर घिऊन."

रविवारी सकाळी मी चावडीच्या पायरीखाली उभी होते. चपला डोक्यावर घेतल्या नव्हत्या, हातात होत्या, एवढं मी अप्पांकडून मिळवलं होतं. वर अप्पा एका कोपऱ्यात उकिडवे बसले होते. मास्तर उभे होते. ते त्या दिवशी पहिल्यांदाच चावडीत आले होते. चेहरा राखेसारखा झाला होता.

पाटलांच्या हातात माझी चिठ्ठी होती. ईरण्णानं भीतीनं देऊन टाकली होती. ती एका हातातून दुसऱ्या हातात फिरली. एकानं उलटी धरून बराच वेळ वाचली. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, पण कागद सरकारी असावा तसे सगळे तोंड गंभीर करून बघत होते.

"मास्तर," पाटील म्हणाले, "हे कुणी लिवलं?"

मास्तरांनी एकदा खाली माझ्याकडं बघितलं.

"मी लिहिलं," ते म्हणाले. "पोरगी हुकमाची ताबेदार. तिचा कसूर न्हाय. जो हाय तो माझा."

चावडीत कुजबुज झाली. पाटलांनी मांडी बदलली. "मग झालं तर. पोरगी लहान हाय, मास्तरनं सांगितलं तसं केलं. शरणबसप्पा, तिला खुशाल शाळंत धाडा, फक्त हितनं नीट जायाला सांगा. मास्तरच्या इरुद्ध अर्ज आमी धाराशिवला कचेरीत धाडतो. असा मास्तर गावाला नको."

अप्पांचा चेहरा उजळला. मी खालून तो उजेड बघितला. दप्तर खुंटीवरून निघणार होतं. परीक्षा होणार होती. मास्तरीण होता येणार होतं. त्यासाठी मला काहीही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. आणि नोकरी कच्ची असलेला, बायको असलेला, चाळिशीत बाराखडी शिकलेला माणूस माझ्या चिठ्ठीपायी घरी बसणार होता. वर तोंड करून मुलांना मी काय शिकवलं असतं नंतर?

मी चपला खाली टाकल्या, पायात घातल्या आणि पायऱ्या चढले. अप द स्टेप्स. इनटू द चावडी. आमच्या गावात त्या दिवसापर्यंत कुठलीही बाई त्या पायऱ्या चढली नव्हती.

"मास्तर खोटं बोलत्यात," मी म्हणाले. माझा आवाज चिरकला, पण निघाला. "चिठ्ठी म्या लिहिली. म्याच मुठीत लपवली, म्याच काढली. गुरुजी दुसरी घे म्हणत हुते. द्या हिकडं, वाचून दाखवते. तुमच्यातल्या कुणाला येत न्हाय."

"बेटा!" मास्तर म्हणाले.

"चूक लिहिणाऱ्याची, असं तुमीच म्हणाला हुता गुरुजी."

पाटील उठून उभे राहिले. "चपला घालून चावडीत चढली ही!"

"खाली ठिवल्या असत्या तर डोक्यावर घ्यायला लावल्या असत्या तुमी," मी म्हणाले.

मग जो काही गलका झाला. एक म्हणाला पोरीला आवरा, दुसरा म्हणाला लगीन लावून टाका, तिसरा म्हणाला शिकवल्याचा हाच परिणाम. पाटील अप्पांकडं वळले. "शरणबसप्पा, आजपासनं हिची शाळा बंद. काय?"

अप्पा मातीकडं बघत म्हणाले, "बंद."

एक शब्द. मला वाटलं संपलं सगळं. डोळ्यांत पाणी आलं आणि रागानं आणखीच आलं, कारण यांच्यासमोर मला रडायचं नव्हतं.

तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला. फटाक, घस्स. फटाक, घस्स. कुणीतरी पायापेक्षा मोठं पायताण घालून ओढत चाललं होतं. सगळ्यांनी माना वळवल्या. चावडीसमोरच्या रस्त्याच्या मधोमध अव्वा येत होती. शांतम्मा, शरणबसप्पाची बायको, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, आणि पायात अप्पांचे सोलापुरी जोडे. दर पावलाला टाच बाहेर निघत होती, ती पुन्हा आत सरकवत होती आणि चालत होती.

"वैनी, बोळ तिकडं हाय," कुणीतरी म्हणालं.

"ठावं हाय," अव्वा म्हणाली. "पंधरा वरसं झाली. डोळं झाकून सांगते, कुठं शेण हाय आन् कुठं पाणी."

अप्पा उठले. "अगं, काय हे! माझे जोडे..."

"तुमचेच हायती. काढून हातात घिऊ का? सांगा. ह्या समद्यांसमोर तुमी सांगा, म्हंजी घेते."

अप्पांनी तोंड उघडलं. पाटलांकडं बघितलं, मग अव्वाकडं. अव्वा उन्हात उभी होती आणि तिची नजर अप्पांवरून हलत नव्हती. शेवटी अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे पायात. काटं हायत तितं."

"मल्लम्मा, खाली ये," अव्वा म्हणाली. "उंद्या शाळा हाय. पाटील, पोरगी उंद्यापासनं हितनंच जाईल, पास्ट. साकु आता."

साकु म्हणजे पुरे. आमच्या घरात हा कानडी शब्द आला की वाद संपायचा. चावडीत तो मी पहिल्यांदाच ऐकला. मी पायऱ्या उतरले, अव्वाचा हात धरला आणि आम्ही दोघी पाय वाजवत घरी गेलो. माणसं दोनच, पण आवाज चौघांचा होता.

पाटील गप्प बसणारे नव्हतेच. गावानं आमच्या दुकानाची पायरी चढायची नाही असं त्यांनी ठरवलं. पण मिठा-गुळासाठी जळकोटापर्यंत कोण तंगडतोड करणार? आठवड्याभरात लोक मागच्या दारानं यायला लागले, बोळातून. पाटलांचा गडीही यायचा, धोतर गुडघ्यापर्यंत उचलून, शेण चुकवत. अव्वा त्याला गूळ बांधून देताना हटकून सांगायची, "डाव्या अंगाला पाणी हाय, जपून जा."

माझी शाळा सुरू झाली. पण अर्ज गेला तो गेलाच. त्यावर अंगठे आणि सह्या मिळून सत्तावीस होत्या. फेब्रुवारीत मकबूल मास्तरांच्या हातात बदलीचा कागद पडला. तेरखेडा. नोकरी राहिली, पण गाव सुटलं, आणि तेही आमची परीक्षा महिन्यावर असताना. मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाले, "माझ्यामुळं झालं." ते म्हणाले, "तुझ्यामुळं बेटा मला एवढंच झालं, की मी चावडीत उभा राहून एक वाक्य बोललो. खोटं होतं, पण बोललो." मला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. चूक माझी नव्हती हे मी शंभरदा सांगेन, पण किंमत त्यांनी मोजली, हे खरंच आहे.

निघायच्या दिवशी सकाळी मास्तरांच्या डोक्यावर पत्र्याची पेटी, हातात वळकटी. सायराबी काखेत कोंबडीची पाटी घेऊन मागं. आम्ही सगळा वर्ग पोचवायला गेलो होतो. एसटी हमरस्त्यावर यायची. चावडी जवळ आली आणि मास्तर सवयीनं बोळाकडं वळले.

मी पुढं झाले आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. आदल्या दिवशीच लिहून ठेवली होती. वळकटी खाली ठेवून त्यांनी ती उघडली. वॉक पास्ट द चावडी. गो आउट टू द रोड.

त्यांनी ती दोनदा वाचली. मग सायराबीकडं बघितलं. तिनं पाटी दुसऱ्या काखेत घेतली आणि म्हणाली, "पढ लिये तो चलो अब. यष्टी निकल जाएगी."

मास्तरांनी चिठ्ठीची घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली, वळकटी उचलली आणि बोळाकडं पाठ केली.

चावडीत पाटील होते, आणखी दोघं-तिघं होते. मास्तर रस्त्याच्या मधून चालत होते, डोक्यावर पेटी असल्यानं मान वळवता येत नव्हती, की वळवायची नव्हती, मला माहीत नाही. बूट करकरत होते. सायराबीची कोंबडी ओरडत होती. आम्ही बावीस पोरं मागं.

"मास्तर, आज हिकडनं?" पाटलांनी वरून विचारलं.

"जी," मास्तर न थांबता म्हणाले. "आज हिकडनंच."

हमरस्त्यावर एसटी आली. पेटी टपावर चढली, कोंबडी आत गेली. खिडकीतून मास्तरांनी ईरण्णाला म्हटलं, "झाडावर चढशील तर उतरायचं बी लिहून घे." सगळे हसले. माझ्याकडं बघून त्यांनी फक्त सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तशी मुलं बोळानं पळाली, तिकडून शाळा जवळ पडायची त्यांना. मला सरळच जायचं होतं. चावडी वीस पावलांवर आली, आणि रोज सवयीनं अजूनही जरा वाकायची ती माझी कंबर त्या दिवशी वाकली नाही.